मलेरियाचं निर्मूलन की दुरीकरण? आणि वचनाचे पैसे

प्रश्न असा आहे: एका आरोग्यविषयक मजकुराच्या अनुवादात पुढचं वाक्य आलं आहे. 'जागतिक निधीने मलेरियाच्या निर्मूलनासाठी 15.7 अब्ज डॉलर दिले. अनेक वर्षांच्या वकिलीचे हे यश आहे.' मूळ मजकुरात कंट्रोल, एलिमिनेशन आणि इरॅडिकेशन असे तीन शब्द ठिकठिकाणी आहेत. तिन्हींना 'निर्मूलन' चालेल का? आणि 'वकिली' कानाला खटकते, तिच्या जागी काय लिहावं?

तिन्हींना निर्मूलन चालणार नाही. या क्षेत्रात हे तीन शब्द तीन वेगळ्या टप्प्यांचे आहेत आणि पैसा कोणत्या टप्प्यासाठी मागितला जातोय ते त्यांच्यावरूनच कळतं. नियंत्रण म्हणजे रुग्ण आणि मृत्यू ठरावीक पातळीखाली आणणं आणि तिथेच दाबून ठेवणं; हे काम कधी संपत नाही. एलिमिनेशन म्हणजे एका ठरलेल्या प्रदेशात, बहुधा एका देशात, मलेरियाचा स्थानिक प्रसार थांबवणं. सलग तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नाही हे सिद्ध केलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्या देशाला मलेरियामुक्त असल्याचं प्रमाणपत्र देते. इरॅडिकेशन म्हणजे साऱ्या पृथ्वीवरून कायमचा नायनाट. माणसाच्या रोगांपैकी हे भाग्य आजवर फक्त देवीच्या वाट्याला आलं, 1980 साली.

आता मराठी शब्दांची मुळं पाहा. निर्मूलनात 'मूळ' आहे. इरॅडिकेशनच्या लॅटिन धातूतही मूळच आहे. ही जोडी इतकी नेमकी जुळते की ती मोडू नये. एलिमिनेशनच्या पोटात मात्र मूळ नाही, उंबरठा आहे: उंबरठ्याबाहेर घालवणं. आपल्याकडे याच्या अगदी जवळचा शब्द उच्चाटन. तंत्रशास्त्रातल्या षट्कर्मांत, म्हणजे सहा तांत्रिक प्रयोगांत, मारण वेगळं आणि उच्चाटन वेगळं. उच्चाटनात माणूस मरत नाही, त्या जागेवरून उठवला जातो. व्युत्पत्तीने हा शब्द एलिमिनेशनला चपखल बसतो. पण आजच्या मराठीत उच्चाटन म्हणजे पार नाश असाच अर्थ रुळला आहे, म्हणून मोह होत असला तरी तो वापरू नये.

योग्य शब्द सरकारी मराठीने आधीच रुळवला आहे: दुरीकरण. हत्तीरोग दुरीकरण, क्षयरोग दुरीकरण हे कार्यक्रम महाराष्ट्रातल्या प्रत्येक आरोग्य सेवकाला ठाऊक आहेत. तेव्हा कंट्रोलला नियंत्रण, एलिमिनेशनला दुरीकरण आणि इरॅडिकेशनला निर्मूलन असा नेम धरावा. मथळ्यात किंवा घोषवाक्यात दुरीकरण जड वाटलं तर 'हद्दपार' घ्या. हद्दपार झालेला माणूस जिवंत असतो, हद्दीबाहेर असतो आणि परत येऊ शकतो. मलेरियाच्या बाबतीत नेमकं हेच ध्यानात ठेवायचं असतं. आपल्या वावरातलं गाजरगवत उपटलं तरी शेजारच्या बांधावर ते फुलात असेल, तर पुढच्या पावसात पुन्हा उगवणारच. (हिवताप की मलेरिया, हा वाद घालण्यात अर्थ नाही. 'जिल्हा हिवताप अधिकारी' हे पदनाम आहे, तिथे हिवतापच लिहा. एरवी दोन्ही चालतात.)

हा कीस काढण्याचं कारण श्रीलंकेत सापडतं. 1963 मध्ये त्या सबंध देशात मलेरियाचे अवघे 17 रुग्ण नोंदले गेले. काम फत्ते झालं असं समजून फवारणी आवरती घेतली गेली, पैसा आटला आणि 1969 पर्यंत रुग्ण पाच लाखांवर गेले. तिथून पुन्हा शून्यावर यायला चार दशकं लागली: शेवटचा स्थानिक रुग्ण 2012 मध्ये, प्रमाणपत्र सप्टेंबर 2016 मध्ये. त्यानंतरही तिथे परदेशातून आलेल्या प्रवाशांत आणि कामगारांत रुग्ण सापडतात, आणि प्रमाणपत्र तरीही टिकून आहे, कारण अट 'स्थानिक' रुग्णांची आहे. म्हणून 'शून्य रुग्ण' असं कधीही लिहू नका. 'शून्य स्थानिक रुग्ण' लिहा. अनुवादात हा एक शब्द सर्रास गळतो आणि मग वाचकाला वाटतं, देश खोटं बोलतोय.

भारताचा इतिहास तर कार्यक्रमाच्या नावांतच वाचता येतो. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 मध्ये त्याचं नाव निर्मूलन कार्यक्रम झालं. जागतिक आरोग्य संघटनेने 1955 मध्ये जगभरचं निर्मूलन हाती घेतलं होतं, त्याचाच हा भाग. 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला एक लाखावर आले होते. 1976 मध्ये ते 64 लाखांच्या घरात गेले. जागतिक निर्मूलन कार्यक्रम 1969 मध्येच गुंडाळला गेला होता. भारताच्या कार्यक्रमाच्या नावातला 'निर्मूलन' मात्र 1999 पर्यंत राहिला. 2016 च्या राष्ट्रीय आराखड्यात 2030 पर्यंत दुरीकरण हे लक्ष्य आहे. या दोन काळांबद्दल लिहिताना दोन्हीकडे निर्मूलन लिहिलं, तर 1958 चं आणि 2016 चं उद्दिष्ट एकच होतं असा चुकीचा समज होतो.

रोग असा उलटून येतो त्याला 'पुनरुद्भव' म्हणावं. 'उद्रेक' हा अचानक उसळणाऱ्या साथीसाठी ठेवावा. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 1930 च्या दशकापासूनचे 61 देशांतले 75 पुनरुद्भव तपासले गेले. त्यांतल्या 68 मागे कार्यक्रम ढिला पडणं हे निदान एक कारण होतं, आणि त्यांतही सगळ्यांत जास्त वेळा आढळलेलं कारण साधनांची, म्हणजे पैशाची टंचाई.

आता पैशाचे शब्द. इथे चुका जास्त होतात, आणि खरं तर इथे मराठी अजिबात तोकडी नाही.

'जागतिक निधी' असं लिहिलं की वाचक त्याला सामान्यनाम समजतो. संस्थेचं नाव ग्लोबल फंड आहे, तेच ठेवा. 2002 मध्ये उभी राहिलेली ही संस्था एड्स, क्षयरोग आणि मलेरिया या तिन्हींसाठी आहे. मलेरियाच्या वाट्याला साधारण एक तृतीयांश रक्कम येते. म्हणजे प्रश्नातल्या वाक्यात 15.7 अब्ज मलेरियाच्या नावावर टाकणं ही भाषेची नव्हे, तथ्याची चूक आहे. (अब्ज म्हणजे शंभर कोटी, दशलक्ष म्हणजे दहा लाख, घाईत या दोहोंची अदलाबदल झाली की रक्कम हजारपट चुकते.)

'दिले' हे क्रियापदही चुकलं आहे. ग्लोबल फंड दर तीन वर्षांनी दात्या देशांना आणि संस्थांना बोलावून तिजोरी भरून घेतो. या फेरीला 'पुनर्भरण' म्हणा. विहीर पुनर्भरण ज्याला कळतं त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 2019 च्या ल्याँमधल्या सहाव्या पुनर्भरणात सुमारे 14 अब्ज डॉलर जमले आणि 2022 च्या सातव्यात 15.7 अब्ज, सातव्याचं लक्ष्य 18 अब्जांचं होतं. पण 'जमले' म्हणजे काय? तिथे दाते प्लेज करतात, म्हणजे पुढे इतकी रक्कम देऊ असं जाहीर करतात. त्याला 'वचन' म्हणावं. 'प्रतिज्ञा' म्हटलं की शाळेचा परिपाठ आठवतो, आणि 'देणगी' म्हटलं की पावती फाडून झाली असं वाटतं.

वचन, करार, जमा, वाटप, वितरण, खर्च अशा सहा पायऱ्या उतरल्यावर पैसा मच्छरदाणीपर्यंत पोचतो. जिल्हा परिषदेत काम केलेल्या कुणालाही तरतूद, मंजुरी, निधी वितरण आणि अखर्चित रक्कम यांतला फरक विचारा, लगेच सांगतील. तोच काटेकोरपणा इथे हवा. काही सरकारं तर रोख न देता वचनचिठ्ठी देतात. हा कायद्यातला जुना मराठी शब्द आहे, त्याला नुसतं वचन म्हणू नये. आणि काही वचनं सशर्त असतात: अमेरिकेच्या कायद्यानुसार तिचा वाटा ग्लोबल फंडाच्या एकूण निधीच्या 33 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. म्हणजे तिच्या एका डॉलरसाठी इतरांनी दोन आणावे लागतात. वचनं वेळेवर रोखीत उतरली नाहीत, म्हणून 2025 मध्ये देशांना आधीच मंजूर झालेल्या अनुदानांतच कपात करावी लागली. 'दिले' लिहिणाऱ्याला ही बातमी समजावून सांगता येणार नाही.

को-फायनान्सिंगला 'सहवित्तपुरवठा' कशाला? नगरपालिकांच्या भाषेतला 'स्वहिस्सा' आहे की. अनुदान घेणाऱ्या देशाने स्वतःच्या अर्थसंकल्पातून घालायची रक्कम, एवढाच त्याचा अर्थ.

राहिली वकिली, म्हणजे मूळ मजकुरातली अ‍ॅडव्होकसी. अ‍ॅडव्होकसी ही जनजागृती नव्हे, हे आधी पक्कं करावं. जनजागृती मच्छरदाणीत झोपणाऱ्याला उद्देशून असते. अ‍ॅडव्होकसी मच्छरदाणीच्या खरेदीवर सही करणाऱ्याला. वकिलीत अशील आणि फी डोकावते, 'पुरस्कार' म्हटलं की बक्षीस डोळ्यांपुढे येतं, पैरवी हिंदी आहे. सामाजिक संस्थांनी घडवलेला 'जनवकिली' हा शब्द लोक स्वतः मागणी करत असतील तिथे चांगला. सेनेगलमध्ये सुरू होऊन 2018 पासून आफ्रिकाभर पसरलेल्या 'शून्य मलेरियाची सुरुवात माझ्यापासून' या मोहिमेला तो शोभेल. अर्थमंत्र्यांच्या दारात वर्षानुवर्षं केल्या जाणाऱ्या कामाला मात्र 'पाठपुरावा' हाच शब्द मला योग्य वाटतो. त्यात एक उणीव आहे: तो आधी केलेल्या मागणीच्या पुढचा शब्द आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात 'मागणी आणि पाठपुरावा' अशी जोडी घ्यावी, नंतर नुसता पाठपुरावा पुरतो.

तेव्हा प्रश्नातलं वाक्य असं होईल: 'एड्स, क्षयरोग आणि मलेरिया या तीन रोगांसाठी ग्लोबल फंडाला 2022 च्या पुनर्भरणात दात्यांकडून 15.7 अब्ज डॉलरची वचने मिळाली. अनेक वर्षांच्या मागणी आणि पाठपुराव्याचे हे फळ आहे.' मलेरियाविषयीचं पुढचं वाक्य स्वतंत्र लिहा, आणि मूळ शब्द एलिमिनेशन असेल तर त्यात 'दुरीकरण' वापरा.