एंड झोनमध्ये गेलेला चेंडू कुणाचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये धावणाऱ्याच्या हातून गोल लाइनपाशी (तिच्यापलीकडचा, मैदानाच्या टोकाचा पट्टा म्हणजे एंड झोन) चेंडू निसटला आणि समोरच्या एंड झोनमधून बाहेर गेला, तर तो थेट प्रतिस्पर्ध्यांना का देतात? आणि बचाव करणाऱ्याने पास पकडला, पण तो आपल्याच एंड झोनमध्ये आडवा झाला, तरी सेफ्टीचे (म्हणजे चेंडूसह आपल्याच एंड झोनमध्ये अडकल्याबद्दल समोरच्या संघाला मिळणारे) २ गुण का मिळाले नाहीत?

मी अमेरिकेत शाळांच्या सामन्यांत पंच असतो. तुम्ही एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक लीग बघता, म्हणून त्यांचेच नियम सांगतो.

गोल लाइनपाशी पंच आधी हे ठरवतो की चेंडू एंड झोनमध्ये गेला तो कुणाच्या जोराने. वाटेत कुणाचा हात किंवा पाय लागला म्हणून उत्तर बदलत नाही. पंट, म्हणजे समोरच्या संघाने लाथ मारून तुमच्याकडे पाठवलेला चेंडू घेताना तो हातात न बसता लागून मागे स्वतःच्या एंड झोनमध्ये गेला, तर जोर किक मारणाऱ्याचाच धरतात आणि तिथे तो पकडून बसलात तर टचबॅक मिळतो, म्हणजे गुण न जाता चेंडू तुमच्याच संघाला मिळतो. पण तोच चेंडू नीट पकडून, चार पावलं धावून मग तुमच्या हातून मागे निसटला, तर जोर तुमचा. तेव्हा मात्र सेफ्टी.

आता तुमचा पहिला प्रश्न. १७ जानेवारी २०२१, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध क्लीव्हलंड ब्राउन्स. मध्यंतराच्या थोडं आधी ब्राउन्सचा रशार्ड हिगिन्स पायलॉनच्या (एंड झोनच्या कोपऱ्यावरच्या खुणेच्या) दिशेने झेपावला, चीफ्सचा डॅनियल सोरेन्सन त्याला धडकला आणि चेंडू सुटून एंड झोनमधून बाहेर गेला. टचबॅक, आपल्या गोल लाइनपासून २० यार्डांवर चीफ्सचा चेंडू. ब्राउन्स २२-१७ ने हरले. (त्या धडकेत हेल्मेटला हेल्मेट लागलं होतं आणि दंड झाला नाही, ही तक्रार रास्त आहे, पण ती वेगळी.)

लोक म्हणतात, साइडलाइनवरून पुढे बाहेर गेलेला चेंडू निसटला तिथेच परत देतात, मग इथे का नाही? माझ्या मते इथे तो परत न देणंच बरोबर आहे. स्वतःच्या एंड झोनमधून तुमच्या हातून चेंडू बाहेर गेला तर २ गुणही जातात आणि चेंडूही जातो, तिथे कुणी सवलत मागत नाही. गोल लाइनच्या पलीकडे चेंडू सांभाळायची जबाबदारी तो तिथे नेणाऱ्याची, हे दोन्ही टोकांना सारखंच लागू आहे. शिवाय परत दिला, तर पायलॉनकडे एका हाताने चेंडू पुढे करून झेपावण्यात धोकाच उरणार नाही. २० यार्डांऐवजी चेंडू कुठे ठेवावा, यावर मात्र मी वाद ऐकून घेईन.

बचाव करणाऱ्यांनाही तिथे मोकळीक नाही. ५ ऑक्टोबर २०१५, सिअ‍ॅटल सीहॉक्स विरुद्ध डेट्रॉइट लायन्स, शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. सीहॉक्सच्या कॅम चॅन्सेलरने लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनच्या हातातला चेंडू गोल लाइनजवळ ठोसा मारून उडवला. ते नियमात बसतं, कारण चेंडू अजून जॉन्सनच्या हातात होता. पण मग एंड झोनमध्ये मोकळा पडलेला चेंडू सीहॉक्सच्याच के. जे. राइटने हाताने मुद्दाम मागच्या रेषेबाहेर ढकलला. एंड झोनमध्ये मोकळा चेंडू कुठल्याही दिशेला असा मारणं हा गुन्हा आहे. लायन्सना गोल लाइनला अगदी चिकटून चेंडू परत मिळायला हवा होता. पंचाने टचबॅक दिला, सीहॉक्स १३-१० ने जिंकले आणि चूक झाल्याचं लीगने नंतर मान्य केलं. कृती मुद्दाम होती की हात चुकून लागला, हे पंचाला क्षणात ठरवायचं असतं. गोल लाइनवर मला सगळ्यात अवघड हेच वाटतं.

दुसऱ्या प्रश्नात पास हल्ला करणाऱ्या संघाने फेकलेला असतो. बचाव करणाऱ्याने तो आपल्या एंड झोनमध्येच पकडला आणि तिथेच थांबला तर सरळ टचबॅक. पण समजा ३ यार्डांवर पकडला आणि धावण्याच्या वेगानेच तो मागे एंड झोनमध्ये गेला. तिथे त्याला पाडलं तर सेफ्टी नाही, चेंडू ३ यार्डांवर. पकडला ती जागा लक्षात राहावी म्हणून पंच तिथे एक छोटी पिशवी टाकतो, पुढच्या वेळी ती शोधा. मात्र तो वेग संपल्यावर मैदानात बाहेर येऊन, बचावासाठी तो स्वतःहून पुन्हा मागे वळला आणि एंड झोनमध्ये पकडला गेला, तर ही सूट संपते आणि २ गुण जातात.