भरपाईचा आकडा: फुगवलेला की तुटपुंजा?

मोटार अपघातातल्या नुकसानभरपाईबद्दल आलेल्या पत्रांमधून काही प्रश्न निवडले आहेत. कुणाला या रकमा अव्वाच्या सव्वा वाटतात, तर कुणाला तोंडाला पानं पुसल्यासारख्या.

प्रश्न: माझे दोन ट्रक आहेत. अपघाताच्या दाव्यात कोटीभर रुपये मंजूर झाल्याच्या बातम्या वाचतो. हा सगळा धंदा झाला आहे असं वाटत नाही का? शेवटी हप्ते आम्हीच भरतो.

बातमीच्या मथळ्यात आकडा असतो, त्यामागचं गणित मात्र आत कुठेच नसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 168 'न्याय्य' रक्कम द्यायला सांगतं, पण ती न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेली नाही. जखमीचं वय, उत्पन्न आणि कमाईची गेलेली ताकद यांवरून हिशेब होतो. त्यासाठीच्या गुणकांचा, म्हणजे वर्षाची कमाई ज्या आकड्याने गुणायची त्याचा, वयानुसार तक्ता सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घालून दिला. पंचविशीपर्यंत 18, आणि तिथून उतरत पासष्टीनंतर 5. त्यामुळे आकडा कोटीत गेला की बहुतेक वेळा माणूस तरुण आणि पगार मोठा असतो. वैद्यकीय हलगर्जीच्या एका प्रकरणात 2013 मध्ये सुमारे 6 कोटी मंजूर झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. मृत महिला अमेरिकेत बालमानसशास्त्रज्ञ होती आणि रकमेचा फार मोठा भाग तिच्या तिथल्या बुडालेल्या कमाईचा होता.

अर्जात मोठा आकडा टाकून फारसं काही साधत नाही. अर्जात 10 लाख मागितले आणि हिशेबाने 14 होत असतील तर दावा ऐकणारं मोटार अपघात दावा प्राधिकरण 14 देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं आहे. उलट 50 मागितले तरी हातात पडायचे ते हिशेबाचेच.

बोगस दावे होतात, हे मात्र खरं. अपघात एका गाडीने झालेला असतो आणि कागदावर विमा असलेली दुसरीच गाडी आणून उभी केली जाते. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2015 च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. याचा फटका खऱ्या जखमींना बसतो. एफआयआर चार दिवस उशिरा नोंदवला गेला की उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील आधी त्यावरच बोट ठेवतो. ते चार दिवस घरचे लोक आयसीयूच्या दारात बसून होते, हे मग साक्षीदार बोलावून सिद्ध करावं लागतं.

राहता राहिला हप्ता. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. त्या विम्यात मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. उद्या तुमच्या ट्रकखाली कुणाचा पाय गेला तर घर विकायची वेळ येत नाही, ती या हप्त्यामुळेच.

प्रश्न: माझा भाऊ फरशी बसवायचं काम करतो. वय 32. अपघातात गुडघा गेला. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यात 40 टक्के अपंगत्व आहे. कंपनी म्हणते, भरपाई 40 टक्क्यांचीच. त्याला तर उकिडवं बसताच येत नाही.

कंपनीचं म्हणणं अर्धवट आहे. दाखल्यातले टक्के अवयवाचे असतात आणि भरपाई कमाईची ताकद किती गेली त्यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे उदाहरणाने समजावलं आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. तुमच्या भावाचं कामच उकिडवं बसून करायचं आहे.

आता हिशेब करू. समजा त्याची कमाई महिना 18,000 रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीला भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के जादा धरतात, म्हणजे 25,200. वर्षाचे 3,02,400. या वयाला गुणक 16, म्हणून 48,38,400. कमाईची हानी 40 टक्के धरली तर 19,35,360 रुपये होतात आणि 60 टक्के धरली तर 29,03,040. एका टक्केवारीवरून जवळजवळ दहा लाखांचा फरक पडतो. म्हणून ज्यांनी दाखला दिला त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि 'हा माणूस फरशी बसवू शकतो का?' हा प्रश्न विचारून घ्या. नुसता दाखला दाखल करून गप्प बसणारे वकील मी भरपूर पाहिले आहेत.

याहून मोठा खड्डा उत्पन्नाच्या पुराव्याचा. रोख मजुरी, पावती नाही, बँकेत नोंद नाही. मग न्यायालय अंदाजाने महिना 10,000 धरतं आणि 60 टक्क्यांनीसुद्धा हिशेब 16,12,800 वर येतो. ठेकेदाराची साक्ष, कामाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, यूपीआयने आलेले पैसे, जे असेल ते आत्ताच गोळा करा. माझ्या मते आपल्याकडे भरपाई कमी पडते ती मुख्यतः इथेच, कष्टकऱ्याच्या कमाईचा कागद नसतो म्हणून. दुसरी जागा म्हणजे 'वेदना व यातना' हे शीर्षक. तीन शस्त्रक्रिया सोसलेल्या माणसालाही त्याखाली कित्येकदा लाखभरात गुंडाळतात.

प्रश्न: हेल्मेट नव्हतं, शिवाय गाडीवर तिघं होतो. तरी मागायचा हक्क आहे का?

आहे. नियम मोडला त्याचा दंड वेगळा. तिघं बसल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवता आलं तरच भरपाईत कपात होते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे. पाय मोडला असेल तर हेल्मेटचा त्याच्याशी काय संबंध? डोक्याला मार असेल तर मात्र वाद होणार, तयारी ठेवा.

प्रश्न: मेडिक्लेममधून हॉस्पिटलचं बिल मिळालं. तेच पुन्हा मागणं म्हणजे दोनदा घेणं नाही का?

वरवर तसं दिसतं. पण तो विमा तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतला होता, धडक देणाऱ्याची जबाबदारी हलकी करायला नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये मेडिक्लेमची रक्कम वजा करायची नाही, असा निर्णय दिला.

प्रश्न: आई गृहिणी आहे. ती कमावत नव्हती, मग तिचं उत्पन्न कुठून बुडालं?

तुमच्या आईचा हात गळ्यात बांधल्यापासून स्वयंपाक, धुणी, आजोबांची औषधं कोण बघतं आणि त्याला किती पैसे द्यावे लागतात, ते लिहून काढा. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये गृहिणींच्या सेवांचं मोल महिना 3,000 रुपये धरलं होतं, आणि तेही त्या काळाच्या मानाने बेताचंच. 2021 च्या निकालात गृहिणीचं उत्पन्न धरलंच पाहिजे यावर पुन्हा भर दिला गेला. अर्जात 'काही करत नाही' असं चुकूनही लिहू नका.

प्रश्न: लोकअदालतीत कंपनी तडजोडीला तयार आहे. वकील मिळणाऱ्या रकमेचे 20 टक्के मागतात. काय करावं?

टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. हे सर्रास चालतं, म्हणून ते नियमात बसत नाही. फी आकड्यात ठरवा आणि लिहून घ्या. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या विड्रॉल स्लिपवर सही करू नका.

तडजोड वाईट नसते. निकालाला चार वर्षं आणि पुढे अपिलाला आणखी काही वर्षं जाणार असतील तर आज मिळणारे थोडे कमी पैसेही परवडतात. पण वर दाखवला तसा हिशेब एकदा स्वतः मांडा आणि देऊ केलेली रक्कम त्याच्या किती खाली आहे ते पाहा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. पायातला रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेखी आणा आणि तो रकमेत धरला आहे याची खात्री झाल्यावरच सही करा.