तिकिटं काढायची तर नावं पाठव

“राजकारणावरून भावाशी बोलणं बंद झालंय, काय करू?” निवडणुका जवळ आल्या की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. कधी भावाच्या जागी नवरा असतो, कधी सासरे, कधी शाळेपासूनचा मित्र. ही गोष्ट दोन सख्ख्या भावांची आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

एप्रिल २०२४. दादांना, म्हणजे थोरल्या भावाला, त्यांची लेक घेऊन आली. साठी उलटलेली, झोप उडालेली, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर चर्चांचे व्हिडिओ. वडील गिरणी कामगार, बालपण लालबागच्या चाळीत, दोघेही भाऊ लहानपणापासून शिवसेनेच्या शाखेत जाणारे. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली आणि घरही फुटलं. त्याच वर्षी गावच्या गणपतीत, आरतीची झांज खाली ठेवायच्या आधीच, भांडण झालं. एकाच्या तोंडून ‘गद्दार’ गेलं. दुसरा म्हणाला, “बाळासाहेबांचे विचार तर तुम्ही कधीच सोडलेत.” कोण काय म्हणालं ते मी मुद्दाम लिहीत नाही. ते कळलं की वाचणारा बाजू घेतो आणि माणसं दिसेनाशी होतात.

पुढच्या वर्षी धाकटा वेगळ्या गाडीने आला, दर्शन घेतलं आणि पंगतीला न बसता निघून गेला.

“मॅडम, त्याला पटेल असं काय सांगू, तेवढं सांगा,” दादा म्हणाले. दाखवायच्या क्लिपा त्यांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, “त्याचं मत माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. तुमची झोप मात्र आहे.” ते नाराज झाले, पण थांबले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आम्ही माणसाच्या बोलण्यातला ‘च’ शोधतो. दादांचा ‘च’ लगेच सापडला: “माझ्या सख्ख्या भावाने माझ्या बाजूने राहायलाच पाहिजे.” राहावं, ही इच्छा झाली आणि ती रास्त आहे. ‘राहायलाच पाहिजे’ म्हटलं की तो हुकूम होतो. तो मोडला की आपण मत बाजूला ठेवून माणसालाच नापास करतो.

दुसऱ्या भेटीत मी समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हटलं, “तिथे बसा आणि धाकट्याच्या तोंडून बोला.” पहिली पाच मिनिटं टीव्हीवरचीच वाक्यं आली. मी विचारलं, “हे झालं प्रवक्त्याचं. तुमचा भाऊ काय म्हणेल?” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दादा, तुला शिवसेनेच्या लोकाधिकार समितीमुळे विमा कंपनीत नोकरी लागली. मला शाखेत कोणी नावाने ओळखलं नाही. मी कायम तुझा भाऊच राहिलो.” आणि ते रडले.

एकाच शाखेत वाढूनही दोघांच्या पदरी वेगवेगळं पडलं होतं. राजकीय मतांच्या मुळाशी अनेकदा असं काहीतरी असतं: कोणी आधार दिला, कोणी दारात उभं ठेवलं. म्हणून “तुला हे पटतंच कसं?” याऐवजी “तू या मतापर्यंत कसा आलास?” असं विचारून बघा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण समोरच्याच्या जागी त्याच्या पक्षातला सगळ्यात कर्कश माणूस बसवतो आणि त्याच्याशीच भांडत राहतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. जेवताना कोणी जातीवरून, धर्मावरून कोणाला हिणवत असेल, तर त्याला मतभेद म्हणून सोडून देऊ नका. “या घरात हे नको,” एवढं शांतपणे म्हणाच. गप्प बसून टिकवलेलं नातं आतून कुजतं. दादांच्या घरात तसं काही नव्हतं, म्हणून काम सोपं होतं.

“फोन करून बोलू काय? माफी मागू?” दादांनी विचारलं. माफीने सुरुवात केली की आधी कोण चुकलं तिथेच गाडी अडते. मी म्हटलं, “एखादं काम काढा.” काम समोरच होतं. तेव्हा कोकण रेल्वेची तिकिटं १२० दिवस आधी निघत. ७ सप्टेंबरच्या चतुर्थीसाठी मे महिन्यातच सकाळी आठला तयार राहायचं. पूर्वी सगळ्या कुटुंबाची तिकिटं दादाच काढायचे. भांडणानंतर त्यांनी धाकट्याची काढली नव्हती.

त्यांनी मेसेज केला: “तिकिटं काढतोय. सगळ्यांची नावं आणि वयं पाठव.” दिवसभर उत्तर नाही. रात्री पाच नावं आली. खाली एक ओळ होती: “आईला खालचा बर्थ बघ.”

मुंबईतलं मतदान २० मेला होतं. दोघांनी आपापल्या मनाप्रमाणे केलं असणार, मी विचारलं नाही. शेवटच्या भेटीत दादा म्हणाले, “तो चुकतोय असंच मला अजून वाटतं.” मग घड्याळ पाहिलं आणि जरा लवकर निघू का म्हणून विचारलं. धाकटा दादरला थांबला होता, मखराचं सामान घ्यायचं होतं.