‘आमचं मूल कुणाकडे जातच नाही’

गणपती जवळ आले किंवा घरात लग्नकार्य निघालं की पालक हमखास एकच काळजी घेऊन येतात. “पाहुणे आले की ती पलंगामागे जाऊन बसते. कितीही हाका मारा, बाहेर येत नाही. पुढे कसं होणार हिचं?” मूल चार ते सहा वर्षांचं असतं. घरात अखंड बडबड करणारं, गाणी म्हणणारं, भावंडांवर हुकूम सोडणारं. दारावरची बेल वाजली की मात्र तोंडाला कुलूप.

आधी थोडं वयाविषयी. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला ओळखीचा आणि परका चेहरा वेगळा कळू लागतो आणि ते परक्याला पाहून रडतं. ही वाढीचीच खूण आहे. बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन वर्षांपर्यंत ही भीती ओसरते. पण काही मुलं जन्मतःच सावध स्वभावाची असतात. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी अशा मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला, आणि त्यांच्या अभ्यासात साधारण सहा-सात मुलांमागे एक मूल असं निघालं. नवी जागा, नवा माणूस दिसला की ही मुलं थबकतात, न्याहाळतात आणि मग ठरवतात. त्यांना ठरवायला लागणारा वेळ आपण देत नाही, आणि बहुतेक घरांत गाडी इथेच अडते.

त्यात आपण मुलांना दोन उलटसुलट गोष्टी शिकवतो. सकाळी शाळेत सोडताना “अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, कुणी चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही.” संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या, मुलाने कधीही न पाहिलेल्या गृहस्थांसमोर “काकांना नमस्कार कर, जा त्यांच्या मांडीवर, कविता म्हणून दाखव.” मुलाच्या दृष्टीने सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस यांत फरक काय?

अशा घरांसोबत काम करताना मी ‘मॉन्स्टर्स इंक.’ हा चित्रपट वापरते. पिक्सार या अमेरिकी अॅनिमेशन स्टुडिओचा, २००१ सालचा, पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेला. राक्षसांच्या शहराची वीज मुलांच्या किंकाळ्यांवर चालते. राक्षस रात्री कपाटाच्या दारातून मुलांच्या खोलीत शिरतात, त्यांना घाबरवतात आणि किंकाळ्या भरून आणतात. गंमत अशी की राक्षसच मुलांना भयंकर घाबरतात. मुलाचा स्पर्श झाला तरी जीव जाईल, असं त्यांना शिकवलेलं असतं. एका रात्री बू नावाची चिमुरडी चुकून त्यांच्या जगात येते, आणि सगळ्यांत नावाजलेला घाबरवणारा सुली तिला पाहून पळत सुटतो. पुढे त्यांची घट्ट मैत्री होते.

आता सईची गोष्ट. नाव बदललेलं आहे, आणि दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र केले आहेत. साडेपाच वर्षांची सई सिनिअर केजीत होती. आई, बाबा, आजी-आजोबा, आणि सणावाराला येणारी आत्या.

पहिल्या भेटीत आई म्हणाली, “सांग ना मॅडमना तुझं नाव.”

“नाव मला माहीत आहे,” मी म्हटलं, “आज तिला काहीच विचारायचं नाही.”

मी जमिनीवर तिच्याकडे बाजू करून बसले आणि कागद कापत राहिले. सई आईच्या खांद्याआडून बघत होती. ती बघत होती, एवढंच मला हवं होतं. दोन-तीन भेटी अशाच गेल्या. बाबांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटला आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

मग चित्रपट सुरू केला, तुकड्या-तुकड्यांनी. बू सुलीची शेपूट धरते आणि तो घाबरून उडतो, तिथे मी तो थांबवला. प्रश्न सईला विचारला नाही, आईला विचारला. “एवढा अवाढव्य राक्षस, आणि ही एवढीशी मुलगी आपणहून त्याच्याजवळ कशी गेली?”

“लहान आहे, कळत नसेल तिला,” आई म्हणाली.

खांद्यामागून बारीक आवाज आला. “तो पकडायला नाही आला.”

आईने वळून पाहायच्या आत मी तिला हाताने थांबवलं. चित्रपट पुढे चालू झाला. मिनिटभराने तोच आवाज पुन्हा आला. “आत्या पकडते.”

“अगं, आत्या लाड करते तुझे!” आईच्या तोंडून निघून गेलं, आणि मग ती गप्प झाली. तिला कळलं होतं.

इतके दिवस सगळं घर ‘सई माणसांना घाबरते’ असं धरून चाललं होतं. सई घाबरत होती ती तिच्या अंगावर येण्याला. दार उघडताच उचलून घेणं, गालगुच्चे, पापे, “ओळखलंस का मला?” हा तोंडावर फेकलेला प्रश्न, आणि दहा जणांच्या रोखलेल्या नजरा. हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत. मी त्या चित्रपटाकडे वर्षानुवर्षं याच कारणासाठी परत जाते. त्यात मोठा माणूस मागे सरतो, म्हणून लहान मूल पुढे येतं. अंतर किती ठेवायचं आणि ते कधी कमी करायचं, हे बू ठरवते. उलट रँडल हा राक्षस तिच्याकडे येतो, तिला पकडू पाहतो. त्याची भीती तिला जवळजवळ शेवटपर्यंत वाटते आणि ती भीती रास्तच असते.

यामागचा विचार जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला आणि हळूहळू जवळ आणला. ससा धरण्याची सक्ती पीटरवर झाली नाही. अखेर तो त्याच्याशी खेळू लागला. भीती समजावून जात नाही, अंतर हळूहळू कमी झालं की जाते, या मताची मी आहे.

चित्रपटामागची आणखी एक गोष्ट मी पालकांना सांगते. बूचा आवाज पिक्सारचेच कथाचित्रकार रॉब गिब्ज यांची लहानगी मुलगी मेरी हिचा आहे. ती माइकसमोर बसून सांगितलेले संवाद म्हणेना, तेव्हा ध्वनिमुद्रण करणारे माइक घेऊन तिच्या मागे फिरले आणि ती खेळताना जे बोलली ते टिपलं. एवढा मोठा स्टुडिओसुद्धा ‘म्हणून दाखव’ म्हणून मुलाकडून काही म्हणवून घेऊ शकला नाही.

गणपतीत आत्या येणार होती. तिला फोनवर सांगितलं, तर ती दुखावली. “मी सख्खी आत्या, आणि मी परकी?” वर्षातून दोनदा भेटणारं माणूस साडेपाच वर्षांच्या मुलीला जवळपास नवंच असतं, हे पटायला तिला वेळ लागला. पण तिने सांगितलं तसं केलं, आणि या कामातला मोठा वाटा तिचाच आहे.

ठरलं होतं ते असं. आत्याने घरात आल्यावर सईकडे फक्त एकदा बघून हसायचं आणि मोठ्यांशी बोलत राहायचं. पहिली पंधरा-वीस मिनिटं सईला प्रश्न नाही, स्पर्श नाही, भेटवस्तूही नाही. भेटवस्तू देताना हात पुढे करावा लागतो आणि मुलावर ‘थँक्यू म्हण’चं ओझं येतं, म्हणून ती आईकडे द्यायची. मग आत्याने खाली बसून हाताला काही काम घ्यायचं. तिने दूर्वा घेतल्या. आई शेजारी बसली, म्हणजे सईला आईला धरून तिथे येता आलं. आत्या एकवीस-एकवीसच्या जुड्या करत मोठ्याने मोजत होती. एका जुडीला ती वीसवर थांबली आणि शोधू लागली. सईने एक दूर्वा उचलून पुढे केली. आत्याने ती घेतली, “एकवीस,” म्हणाली आणि दुसरी जुडी घेतली. त्या जुडीला सई तिच्याबरोबर मोजत होती.

इथेच घात होतो, म्हणून सांगते. त्या वेळी आजोबा आनंदाने ओरडले, “अरे, बोलली बघा!” सगळे वळले, कुणी टाळ्याही वाजवल्या. सई उठून आत गेली ती जेवणापर्यंत बाहेर आली नाही. कौतुक झालं तरी दहा नजरा त्या दहा नजराच. मूल बोललं की काहीच विशेष घडलं नाही असं वागायचं. कौतुक करायचंच असेल तर रात्री अंथरुणात, आणि नेमकं, “तू आत्याला दूर्वा दिलीस” एवढंच.

दुसरी चूक म्हणजे मुलाच्या देखत त्याच्या वतीने “लाजाळू आहे हो ती” असं सांगणं. मूल ते ऐकतं आणि तसंच वागू लागतं. त्याऐवजी “तिला थोडा वेळ लागतो, मग येते” म्हणा. तिसरी चूक म्हणजे पाहुणे आले की मुलाला खोलीत मोबाइल देऊन बसवणं. त्या दिवसापुरती सुटका होते, पण पुढच्या वेळी बाहेर येणं आणखी अवघड होतं.

बाबांचं वेगळं होतं. मागच्या वर्षी सईने पाहुण्यांना नमस्कार केला नाही, म्हणून ते सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले होते. चित्रपटात सुलीला कारखान्यात शिकाऊ राक्षसांसमोर डरकाळी फोडून दाखवावी लागते. बू त्याच्या त्या चेहऱ्याने हादरते, रडते, त्याच्यापासून दूर पळते. मग तो पडद्यांवर स्वतःचा तो चेहरा पाहतो. हे दृश्य सईसोबत पाहिल्यावर बाबांनी मला काहीच विचारलं नाही. घरी जाताना रिक्षात ते तिला म्हणाले, “त्या दिवशी मी ओरडलो, ते चुकलं माझं.” हे आईकडून कळलं. वर्षभर समजावून झालं नसतं, ते त्या एका वाक्याने झालं.

घरी चित्रपट दाखवणार असाल तर आधी स्वतः पाहा. तो ९२ मिनिटांचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटांचे चार भाग करून दाखवा, दिवा चालू ठेवून, आवाज कमी करून, तुम्ही शेजारी बसून. किंकाळी ओढून घेणाऱ्या यंत्राचा प्रसंग लहान मुलांना जड जातो, तो पुढे ढकला. “तुला भीती वाटते का?” असं विचारू नका. “सुली का पळाला?” असं विचारा, किंवा काहीच विचारू नका आणि नंतर कागद-खडू समोर ठेवा. बू आपल्याला कोणाची भीती वाटते ते चित्र काढूनच दाखवते. मग सुली कपाट उघडून ते रिकामं असल्याचं दाखवतो आणि तिला झोप लागेपर्यंत शेजारी बसतो. “कपाटात काही नसतं” असं नुसतं सांगत तो बसत नाही.

मात्र ‘सगळे अनोळखी चांगलेच असतात’ असा अर्थ त्यातून काढू देऊ नका. कारखान्याचा मालक वॉटरनूज सगळ्यांचा जुना, विश्वासातला माणूस, आणि शेवटी तोच मुलांना पळवण्याच्या कटात सामील निघतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारातही बहुतेक वेळा माणूस ओळखीतलाच असतो. म्हणून ‘अनोळखी’ हा निकष मुलाच्या हाती देऊ नका, वागणं द्या. आईबाबांना न सांगता कुठे न्यायला बघणारा, गुपित ठेवायला सांगणारा, नको म्हटल्यावरही अंगाला हात लावणारा माणूस, मग तो कोणी का असेना, त्याच्यापासून लांब व्हायचं आणि येऊन सांगायचं. गालगुच्च्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक घरातच मिळाली नाही, तर बाहेर ते म्हणण्याचं बळ कुठून येणार? गर्दीत हरवल्यास दुकानाच्या काउंटरवरच्या माणसाकडे किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईकडे जायचं, हे मुलाला घडवून दाखवा, कारण मदत मागायलाही अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं.

घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ एक शब्दही बोलत नसेल (शाळा सुरू झाल्यानंतरचा पहिला महिना सोडून), तर सवयीने जाईल म्हणून थांबू नका, तज्ज्ञाला दाखवा. आणि मोकळं वावरणारं मूल अचानक एकाच व्यक्तीला टाळू लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, झोपेतून दचकून उठू लागलं, तर त्याला त्या व्यक्तीसमोर अजिबात नेऊ नका. आधी ऐकून घ्या. शंका असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.