डोंगरातलं गाव: आधी जेवण, मग चढण

प्रश्न: चार दिवसांची सुट्टी आहे. 2,800 मीटर उंचीवरच्या एका लहान गावी जात आहोत. तिथून 3,700 मीटरचा माथा गाठता येतो. पहिल्याच दिवशी माथा उरकायचा आणि उरलेले दिवस खाण्यापिण्यात निवांत घालवायचे, हा बेत कसा वाटतो?

बेत उलटा करा. सपाटीवरून एका दिवसात गाडीने 2,800 मीटरवर पोचलात, तर विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळच मिळत नाही. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरपासून होऊ शकतो. तो पोचल्या पोचल्या जाणवतोच असं नाही. बहुतेकदा 6 ते 12 तासांनी, म्हणजे पहिल्या रात्री, डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, भूक मरते, झोप सारखी मोडते. रोज धावणाऱ्यांनाही हा त्रास चुकत नाही. दमसास आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिला दिवस गावात हिंडण्या-खाण्याचा. दुसऱ्या दिवशी तीन-चारशे मीटर चढा, वर तासभर थांबा आणि झोपायला गावातच या. माथा तिसऱ्या दिवशी. चौथा राखीव, कारण हवा बिघडली तर तिसऱ्याचा बेत चौथ्यावर ढकलता आला पाहिजे. पुढे कधी आणखी वर मुक्काम करणार असाल, तर 3,000 मीटरनंतर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. पहिल्या दोन रात्री दारू नको आणि झोपेची गोळीही नको. त्यांनी झोपेत श्वास आणखी मंदावतो. उंचीचा त्रास टाळण्यासाठी असिटाझोलामाइड ही गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. त्याने घाबरू नका.

सोबत्याला उंचीचा त्रास वाढतोय अशी शंका आली तर त्याला एका रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगा. तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. निदान 300 मीटर, जमल्यास 1,000 मीटर, त्याच रात्री खाली न्या.

प्रश्न: नकाशावर माथ्यापर्यंत 9 किलोमीटर आणि 900 मीटर चढ दिसतो. सकाळी नाश्ता करून निघालो तर चालेल ना?

नाही चालणार. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाला एक तास. तुमच्या वाटेला 1 तास 48 मिनिटं अधिक दीड तास, म्हणजे जवळपास 3 तास 20 मिनिटं. पण हा आकडा सराईत माणसाचा, न थांबता चालण्याचा. नवख्यांनी आणि विरळ हवेत तो दीडपट धरावा: 5 तास. उतरताना चढाचा वेळ वाचतो, पण तीव्र उतारावर दर 300 मीटरला 10 मिनिटं वाढवावी लागतात; तेही दीडपट केलं की साडेतीन तास. थांबण्याचा एक तास धरून साडेनऊ तास झाले.

पहाटे 5 वाजता डोक्यावर दिवा लावून निघालात तर साडेदहाला माथा आणि अडीचला गाव. इतकी घाई ढगांसाठी. उन्हाने तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि गडगडाट बहुतेकदा दुपारनंतर सुरू होतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. डोंगराची धार सोडून ताबडतोब खाली उतरा, एकट्या झाडाखाली उभं राहू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. वाटेत बर्फाच्या पाण्याचा ओढा असेल तर तोही बघा: सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी बर्फ वितळून मांडीपर्यंत चढलेला असू शकतो.

परत फिरायची वेळ गावातच ठरवा. साडेअकरा म्हणजे साडेअकरा, माथा समोर दिसत असला तरी.

प्रश्न: तिथलं स्थानिक जेवण मनसोक्त खायचं आहे, पण पोट बिघडून ट्रेक बुडायला नको. काय टाळावं?

टाळण्यापेक्षा क्रम सांभाळा. आंबवलेलं, फार तिखट, तेलकट, कधीच न चाखलेलं असं सगळं माथ्यानंतरच्या संध्याकाळी खा. आदल्या रात्री पोटाला ओळखीचं जेवण द्या: भात किंवा भाकरी-पोळीसारखं पिष्टमय, हलकं.

जागा निवडताना गर्दी बघा. जिथे गावातली माणसं जेवतात तिथे भांडं लवकर रिकामं होतं, अन्न पडून राहत नाही. लहानशा खानावळीच्या भिंतीवर साठ पदार्थांची यादी असेल तर बरंचसं फ्रीजमधून निघणार, आणि डोंगरात वीज जाते. समोर चुलीवरून उतरलेलं, वाफाळतं अन्न सगळ्यांत सुरक्षित. सकाळचा भात दुपारी परतून देत असतील तर नको म्हणा. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. कच्ची कोशिंबीर, पाण्यात वाटलेली कच्ची चटणी आणि बर्फ यांचा धोका पाण्यामुळे असतो. चीज किंवा लोणी कच्च्या दुधाचं आहे का, हे विचारायला लाजू नका. गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय खाऊच नये. रानातल्या अळंब्या स्वतः वेचून कुणाला शिजवायला देऊ नका.

जेवणाला उशीर झाला म्हणून स्वयंपाक्यावर चिडूही नका. 2,800 मीटरवर पाणी साधारण 91 अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात डाळी तासन् तास कडक राहतात, आणि कुकरलाही सपाटीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. रात्रीचं जेवण सकाळीच सांगून ठेवा.

प्यायचं पाणी इतक्या उंचीवर खळखळून तीन मिनिटं उकळा. क्लोरीनच्या गोळ्या जिवाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्यांना दाद देत नाहीत. एवढं करूनही जुलाब झालेच, तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टर गाठा.

प्रश्न: नवे बूट घेतले आहेत. तिथेच पहिल्यांदा घालू का?

नको. आधी दोन-तीन आठवडे घरच्या रस्त्यांवर, जिन्यांवर वापरा. खरेदी संध्याकाळी करायची असते, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे घालून बघा आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. ती नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी पुन्हा घट्ट बांधा. टाचेला चरचरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर ती लावून फारसा उपयोग होत नाही.