ड्युटी कोणत्या किमतीवर लागते?

प्रश्न : चीनहून काचेची शोभेची भांडी आणून विकणार आहे. विक्रीची किंमत खरेदीच्या तिप्पट असेल. सीमाशुल्क त्यावर लागेल का? (पुणे)

नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४ नुसार आधी पाहतात ते व्यवहारमूल्य, म्हणजे तुम्ही परदेशी विक्रेत्याला खरोखर दिलेली किंवा देणे असलेली किंमत. त्यात इथल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा मिळवतात. समजा, हे मूल्य १,००,००० रुपये झाले आणि मूळ शुल्क १० टक्के आहे. मग शुल्क १०,००० आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १,०००. आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के असेल तर तो १,११,००० वर, म्हणजे १९,९८०. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे क्रेडिट, म्हणजे पुढे भरायच्या जीएसटीतून वजावट, साधारणपणे मिळते. तुमच्या खर्चात उरतात ११,००० रुपये. कमी रकमेचे इन्व्हॉइस मागवा, असे कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका. वाचणार ते याच अकरा टक्क्यांतले थोडे, आणि माल जप्त होऊन वर दंडही बसू शकतो.

प्रश्न : पुरवठादाराने जुना साठा ६० टक्के सवलतीत दिला. अधिकारी मूल्य वाढवायला सांगतात. (भिवंडी)

सवलत मोठी आहे एवढ्यावरच किंमत नाकारता येत नाही. आयशर ट्रॅक्टर्सच्या प्रकरणात जुन्या बेअरिंगवर ७७ टक्के सवलत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तीच व्यवहाराची किंमत मान्य केली. मात्र २००७ च्या मूल्यांकन नियमांतला नियम १२ अधिकाऱ्याला रास्त शंका घेण्याचा अधिकार देतो, आणि असाधारण सवलत हे शंकेचे एक कारण आहेच. म्हणून सवलतीमागचा पत्रव्यवहार, जुनी दरसूची, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा द्या. डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढते म्हणून घाईत ‘वाढीव मूल्य मान्य’ असे लिहून देऊ नका. तसे लिहिले नाही, तर अधिकाऱ्याने पुनर्निर्धारणापासून, म्हणजे शुल्क पुन्हा ठरवल्यापासून, १५ दिवसांत सकारण आदेश द्यायचा असतो. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) जाता येते.

प्रश्न : ब्रँडच्या परदेशी मालकाकडूनच माल घेतो आणि करारानुसार इथल्या विक्रीच्या ५ टक्के त्यालाच देतो. त्यावर शुल्क लागेल का? (कोल्हापूर)

ही रक्कम बहुधा मूल्यात येईल. मालाशी निगडित आणि विक्रीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी (ब्रँड वापरण्याचा मोबदला) त्याच २००७ च्या नियमांतल्या नियम १० खाली मूल्यात मिळवतात. पुनर्विक्रीतला परदेशी विक्रेत्याकडे जाणारा वाटाही. बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) भरतानाच जाहीर करा.

प्रश्न : माल विकला गेल्यावरच पैसे देण्याच्या बोलीवर आला आहे. मूल्य कसे ठरेल? (ठाणे)

आयातीच्या वेळी विक्रीच झालेली नसेल तर व्यवहारमूल्य नाही. मग आधी तंतोतंत तशाच आणि नंतर तत्सम मालाचे आयातमूल्य पाहतात. तेही न मिळाल्यास नियम ७ : इथे असंबंधित ग्राहकांना ज्या दराने सर्वाधिक माल विकला जातो, तो दर घेऊन त्यातून नेहमीचा नफा व खर्च, देशांतर्गत वाहतूक आणि कर वजा करतात. त्यामुळे अशा मालाची विक्रीबिले आणि खर्चाच्या पावत्या खेपेनुसार वेगळ्या ठेवा.