भात हिरवंगार, लोंबी मात्र पोकळ: उन्हाचा हिशेब कुठे चुकतो?

मुंबईतल्या गोराई-मनोरीकडच्या शेतकऱ्यांचा प्रश्न असा: ऑगस्टात खाचर इतकं दाट की चुडांमधली (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांमधली) माती दिसत नव्हती. युरियाही सढळ हाताने दिला. तरी सप्टेंबरअखेर भात लोळलं आणि झोडणीत पळंज (पोकळ दाणे) फार निघालं. कमी काय पडलं? आरेच्या पाड्यांवरून दुसरा प्रश्न आहे, की शेजारी उंच इमारत उभी राहिल्यापासून हिवाळी भाजी नुसती वाढते, फळ धरत नाही. तिसरा प्रश्न अनेकांचा: झाडाची खालची पानं काढून टाकावीत का?

आधी भात. दाण्यातलं पीठ पानावर पडलेल्या उन्हातून तयार होतं, त्यामुळे पानं हवीतच. पण किती? एक चौरस मीटर जमिनीवर उभ्या पिकाची सगळी पानं मिळून चार चौरस मीटर भरत असतील तर त्याला पर्णक्षेत्र निर्देशांक 4 म्हणतात. पानं ताठ, उभी असतील तर या अवस्थेतही 13-14 टक्के ऊन बुंध्यापर्यंत उतरतं. तीच पानं लोंबती, आडवी असतील तर तळाशी जेमतेम 4 टक्के पोचतं. वरचं पान भर दुपारच्या उन्हाचा सगळा उपयोग करू शकत नाही, आणि खालचं पान उपाशी राहतं. म्हणून बुटकी, ताठ पानांची सुधारित वाणं जास्त खत पचवतात, तर उंच जुनी वाणं त्याच खताने आडवी होतात.

जादा युरियाने नेमकं हेच बिघडतं. पान रुंद, मऊ होऊन वाकतं आणि शेजारच्या चुडावर सावली धरतं. अंधारातली खालची पानं पिवळी पडतात. मुळांना अन्न मुख्यतः तीच पुरवतात, त्यामुळे मुळंही दुबळी होतात. बुंध्याची पेरं उजेडाच्या ओढीने लांब आणि पातळ वाढतात, मग सप्टेंबरातली एक जोराची सर पीक झोपवायला पुरते. आत ओल कोंडली की कडा करपा हा रोग आणि तपकिरी तुडतुडे ही कीडही वाढते. आजूबाजूचं पीक निरोगी असताना खाचरातल्या ठरावीक ठिकाणीच भात बसलं असेल, तर बुंध्याशी तुडतुडे आहेत का ते आधी बघा.

खताचा हिशेब गुंठ्यावर करा. सुधारित वाणाला हेक्टरी 100 किलो नत्र धरलं तर गुंठ्याला साधारण 2 किलो 170 ग्रॅम युरिया लागतो. सगळा एकदम नको. लावणीच्या वेळी सुमारे 870 ग्रॅम, फुटव्यांच्या वेळी तेवढाच आणि लोंबी पोटात धरताना उरलेला 430 ग्रॅम द्या. इतर खतातून नत्र जात असेल तर तेवढा युरिया कमी करा. शेवटच्या हप्त्याआधी पानाचा रंग बघा. गडद हिरवं असेल तर तो हप्ता टाळलेला बरा.

लावणी हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताची 15 बाय 15 सेंटिमीटरवर, निमगरव्या-गरव्याची (मध्यम आणि उशिरा पिकणाऱ्याची) 20 बाय 15 वर, चुडात दोन-तीन रोपं. मूठभर रोपं एकत्र खोवली तर फुटवे एकमेकांच्याच सावलीत मरतात. चारसूत्री पद्धतीत 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून पालटून जोडओळी असतात. रुंद पट्ट्यातून ऊन खाली उतरतं आणि चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल 2.7 ग्रॅमची ब्रिकेट (खताची दाबून केलेली गोळी) खोचता येते. खारवट खाजणात मात्र फुटवे कमी येतात, तिथे पनवेलची खार सोसणारी वाणं घ्या आणि जवळच लावा.

आता पावसाचं. कापणीआधीचा शेवटचा दीड महिना दाण्याचा खरा काळ. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं, सप्टेंबरच्या उत्तरार्धात उघडीप मिळू लागते. 10 जूनला पेरलेलं 115 दिवसांचं हळवं भात ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येतं, म्हणजे त्याचा मोलाचा काळ 20 ऑगस्टपासूनच, ढगांत, सुरू होतो. 130 दिवसांच्या निमगरव्याला दोन आठवड्यांचं जास्त चांगलं ऊन मिळतं. पाणी टिकणाऱ्या खोलगट खाचरात माझा कल निमगरव्याकडे आहे. उतारावरच्या वरकस जमिनीत हळवंच ठेवा, तिथे ऑक्टोबरात ओल संपते.

आपलं पीक किती ऊन पकडतं हे बघायला एक मीटरची काठी पुरे. तिच्यावर दर 10 सेंटिमीटरला एक अशा दहा खुणा करा. निरभ्र दिवशी साडेबाराच्या सुमारास (मुंबईत सूर्य तेव्हाच डोक्यावर येतो, घड्याळातल्या बाराला नाही) ओळींना तिरकी अशी काठी पिकाखाली धरा आणि उन्हातल्या खुणा मोजा. हे दहा ठिकाणी करा. शंभरांतल्या पाच-सात खुणा उन्हात असतील तर पीक पानांनी पुरेसं भरलं. फुटव्यांच्या काळात तीस-चाळीस असतील तर ऊन जमिनीवर वाया जातंय, तण त्याचाच फायदा घेतं. बेणणी लांबवू नका.

इमारतीच्या सावलीचं गणित सरळ आहे. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैअखेर मुंबईत मध्यान्हीची सावली नाहीशी होते, म्हणून पावसाळ्यात इमारत फारशी आड येत नाही. डिसेंबरात मात्र दुपारची सावली उंचीच्या सुमारे 0.9 पट उत्तरेकडे पडते. 30 मीटरची इमारत असेल तर 27 मीटर. सकाळी पावणेदहाला तीच 51 मीटरच्या घरात जाते, वायव्येकडे कललेली. डिसेंबरातल्या एका दिवशी साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीनला सावलीच्या कडेवर खुंट्या ठोका. तिन्ही वेळा उन्हात राहणारी जागा भेंडी, वांगी, मिरचीला द्या. अर्धा दिवस ऊन मिळणाऱ्या जागेत पालक, मेथी, कोथिंबीर घ्या, पण बी नेहमीपेक्षा विरळ फेका. सावलीत दाट पेरलं की देठ लांबतात आणि पानं पातळ येतात. तिथे जादा युरियाने फळ धरणार नाही, मावा मात्र वाढेल. पडवळ-कारल्याची उभी जाळी दक्षिणोत्तर बांधा, म्हणजे एका बाजूला सकाळचं आणि दुसरीला दुपारचं ऊन मिळतं.

खालच्या पानांबद्दल: वांग्याची, वेलांची पिवळी किंवा रोगट पानं जरूर काढा आणि शेताबाहेर टाका. हिरवं पान काढू नका. भाताची पानं तर मुळीच छाटू नका. वरची तीन पानंच लोंबी भरतात, त्यातलं शेंड्याचं पान सर्वांत मोलाचं. निसवल्यावर (लोंबी बाहेर पडल्यावर) पानं गुंडाळणारी अळी दिसली तर आधी तेच पान तपासा.